मांडव आणि वेल

एखादी नवी शास्त्रीय कल्पना मराठीत आणावयाची झाली की आम्ही सुशिक्षित लोक प्रथम संस्कृतकडे धाव घेतो. 'टिश्यू इंजिनिअरिंग' या विद्येचेही असेच झाले. तिला 'ऊती-अभियांत्रिकी' हे भारदस्त नाव मिळाले. नाव शुद्ध आहे यात शंका नाही. परंतु मुलीच्या शस्त्रक्रियेचा विचार करीत बसलेल्या एखाद्या आईच्या कानावर ते पडले, तर तिला त्यातून काय उमगावे?

हा प्रश्न मला गेल्या वर्षी प्रत्यक्षच पडला. माझी एक जुनी विद्यार्थिनी आपल्या आईला घेऊन माझ्याकडे आली. महाविद्यालयाच्या पटावर तिचे नाव मुलाचे होते. आपण स्त्री आहोत हे तिने पुढे घरच्यांना सांगितले, आणि बरीच वर्षे रुसलेले ते घर हळूहळू तिच्या बाजूचे झाले. शस्त्रक्रियेचा निश्चय झाला होता. आज उपलब्ध आहे ती करून घ्यावी, की स्वतःच्या पेशींपासून प्रयोगशाळेत अस्तर वाढविण्याची जी वार्ता तिने वाचली होती तिची वाट पाहावी, एवढेच ठरावयाचे होते. "सर, मी सांगितलं तर आईला वाटतं मी लपवते आहे. तुम्ही सांगा," ती म्हणाली.

मी जमेल तसे सांगू लागलो. जॉर्ज बुरू या फ्रेंच शस्त्रवैद्याने 1956 साली कॅसाब्लांका येथे जी पद्धत रूढ केली, तिच्यात पुरुषावयवाचीच त्वचा आत वळवून नव्या योनिमार्गाला अस्तर म्हणून लावतात. आजही बहुतेक ठिकाणी हीच पद्धत पायाभूत आहे. परंतु त्वचा ती त्वचाच. ती कोरडी राहते, आणि तो मार्ग आक्रसू पाहतो. म्हणून त्यात नियमितपणे साधन घालून तो मोकळा ठेवावा लागतो; प्रथम दिवसातून अनेकदा, पुढे कमी वेळा, परंतु बहुधा जन्मभर. आतड्याचा तुकडा वापरला तर ओलावा मिळतो, पण त्यासाठी पोटातही शस्त्रक्रिया करावी लागते, आणि स्राव कधी कधी नकोसा होतो.

"देवानं दिलेल्या शरीरात एवढी उलथापालथ बरी का हो?" मातोश्रींनी मध्येच विचारले. मी त्यांना कावसजीची हकीकत सांगितली. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या या मराठी माणसाचे नाक टिपूने 1792 च्या युद्धात कापले. पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीतील कारागिराने त्याच्या कपाळाचे कातडे खाली वळवून त्याला नवे नाक दिले. 1794 साली लंडनच्या एका मासिकात ही हकीकत छापून आली, आणि युरोपातील शस्त्रवैद्य ही विद्या शिकू लागले. मातोश्री काही बोलल्या नाहीत. मात्र तो प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही.

आता नव्या विद्येकडे वळणे भाग होते, आणि ऊती, पेशी, जैवविघटनशील आधार हे सारे शब्द मला एकाएकी निरुपयोगी वाटू लागले. शेवटी मी विरजणाचा आधार घेतला. चमचाभर विरजणाने पातेलेभर दही लागते, तद्वत शरीराचा नखाएवढा तुकडा घेऊन त्यातील पेशी पोषक द्रवात वाढवितात. मग त्या एका पातळ मांडवावर पसरतात. शरीरात ठेवल्यावर वेल मांडवभर पसरते, आणि मांडव मात्र हळूहळू विरघळून जातो. पेशी रोग्याच्याच असल्यामुळे शरीर त्यांना परके मानीत नाही.

मेक्सिकोत जन्मतः योनिमार्ग नसलेल्या चार मुलींवर 2005 ते 2008 या काळात असे उपचार झाले. सुमारे पाच-सहा आठवड्यांत अवयव तयार होई. पुढील वर्षांत त्यांचे कार्य चांगले राहिल्याचा अहवाल एप्रिल 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु त्या मुलींच्या पेशी त्याच भागातून घेतल्या होत्या. पारलिंगी स्त्रीच्या ठायी ते बी नसते. म्हणून रोमच्या वैद्यांनी तोंडातील ओलसर, केस नसलेल्या त्वचेच्या पेशी वाढवून पारलिंगी स्त्रियांसाठी वापरून पाहिल्या. त्यांचा निबंधही 2014 चाच. तोही एक लहानसा आरंभीचा प्रयोग होता.

मातोश्री लक्ष देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मांडव झाला, वेल झाली. पण तिला पाणी कोण घालणार?"

मी थक्क झालो. या विद्येचे घोडे नेमके तेथेच अडले आहे! रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या दोन दशांशांपलीकडे गेलेली पेशी फार काळ तगत नाही. म्हणून पातळ अस्तर साधते. जाड, भरीव अवयव साधणे फार कठीण. मी त्यांना स्पष्ट सांगितले, की ही विद्या खरी आहे, परंतु अद्यापि प्रयोगाच्या वाफ्यात आहे; ती अंगणात केव्हा येईल याची तारीख कोणी देऊ नये.

"म्हणजे वाट बघण्यात हिची वर्षं जायची," मातोश्री म्हणाल्या.

मुलगी इतका वेळ गप्प होती. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या निकालात, लिंगओळख मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदा ठरविले, हे तिला माहीत होते. "मला कोणाला काही सिद्ध करायचं नाही, आई," ती म्हणाली, "मला माझ्या अंगात निर्धास्त राहायचं आहे. आज आहे तेच करून घेते." मातोश्रींनी तिच्याकडे पाहिले आणि मला विचारले, "ते साधन दिवसातून किती वेळा म्हणालात? आणि किती महिने?"

शास्त्राची महती मी कमी लेखीत नाही. कोणा दुसऱ्या मुलीच्या वाट्याला उद्या तो विरघळणारा मांडव येईल, आणि तिचे कष्ट कमी होतील, अशी माझी आशा आहे. परंतु तोवर पाणी घालावयाचे काम माणसांनाच करावे लागणार. मी सांगत होतो तसतशा वेळा त्या बाई पिशवीतल्या छोट्या वहीत, मराठी आकड्यांत, एकीखाली एक लिहून घेत होत्या.