एक कॅम्पस, तीन अर्ज

सहा वर्षं जावा लिहून झाल्यावर अस्मादिकांना एम.टेक.ची लहर आली. डिग्री इन्स्ट्रुमेंटेशनची, नोकरी आयटीची. आपल्याकडे हे इतकं नेहमीचं आहे की कोणी कारणसुद्धा विचारत नाही. गेट दिली. स्कोअर बरा आला. आयआयटी मुंबईचा फॉर्म उघडला आणि तिथेच अडलो.

कंट्रोल शिकायचं तर त्या एका कॅम्पसवर दोन दारं. इलेक्ट्रिकल विभागात 'कंट्रोल अँड कम्प्युटिंग', आणि स्वतंत्र 'सिस्टिम्स अँड कंट्रोल', म्हणजे सिसकॉन. शिवाय आयईओआर: रांगा, साठा, वेळापत्रकं यांचं गणित. नातं जरा लांबचं, पण नातं आहे. मध्यमवर्गीय शहाणपणा करून तिन्हीकडे अर्ज टाकले. दोन वर्षांच्या टीएला स्कोअर पुरेल असं वाटेना, म्हणून तीन वर्षांच्या आरएवरही टिक केली. त्यासाठी मुलाखत. तीन वर्षं पगार नाही, बोईसरच्या फ्लॅटचा हप्ता माझ्यावर, आणि बाबांच्या निवृत्तीला दोनच वर्षं.. असो.

बोईसरहून पहाटेची लोकल पकडली. पालघरला मित्र चढला. त्याचा सल्ला: "सिसकॉनला म्हण थिअरी आवडते, आयईओआरला म्हण सप्लाय चेन. प्रत्येकाला वाटलं पाहिजे, हा आपल्यासाठीच जन्मलाय." मी आधीच वहीत तशी तीन उत्तरं लिहून आणली होती. सफाळ्यापर्यंत वाचली. तीन वेगळी माणसं होती, त्यातलं एकही ओळखीचं वाटेना.

बाबा तारापूर एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहेत. आदल्या रात्री शिफ्टवरून वैतागून आले होते. एक फ्लो लूप ऑटोवर टाकला की हंटिंग करतो. व्हॉल्व्ह जागचा हलत नाही, मग एकदम जास्तच सरकतो, आणि रीडिंग वरखाली झुलत राहतं. शेवटी ऑपरेटर कंटाळून मॅन्युअलवर घेतो. "गेन कमी करून बघितला. दुखणं व्हॉल्व्हचं आहे, आणि सगळे शिव्या देतायत कंट्रोलरला!"

वैतरणेच्या पुलावर तिन्ही उत्तरं खोडली आणि एकच ओळ लिहिली: लूप ऑटोवर का टिकत नाही? सिसकॉनला सांगायचं की अशा अडकणाऱ्या व्हॉल्व्हचं मॉडेल कसं मांडायचं ते शिकायचंय. इलेक्ट्रिकलला हाच प्रश्न, पण कंट्रोलरच्या कोडच्या बाजूने. तिथे माझी सहा वर्षं कामाला येतील. आयईओआरसाठी? तो व्हॉल्व्ह बदलायला प्लांट कधी बंद ठेवायचा, हा प्रश्न त्यांचा, आणि उत्तम आहे. पण माझा नव्हता. तो अर्ज मी निव्वळ भीतीने टाकला होता. त्या मुलाखतीला पुढे गेलोच नाही. (मित्र अजून मूर्ख म्हणतो.)

विरारला गाडी बदलली, अंधेरीहून बसने पवई. आत गेल्यावर दुसराच प्रश्न हा:

"शेजारच्या विभागातही अर्ज आहे?"

"हो सर."

"मग इथे का?"

व्हॉल्व्हची गोष्ट सांगितली. सरांनी खडू दिला, लूप काढायला लावला, आणि स्टेबिलिटीवर मी असा अडकलो की दहा मिनिटं नुसता घाम. तरी तिघेही फळ्याकडेच बघत होते, माझ्या मार्कशीटकडे नाही.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "काय विचारलं रे?"

"तुमचा व्हॉल्व्ह."

त्यांचा घास हातातच राहिला. "मग? पॅकिंग घट्ट झालंय का ते बघा, असं बोलला कोणी?"

"नाही."

"मग उद्या मीच बघतो," म्हणाले आणि आमटी मागितली.