पणज्याची ढोलकी आणि रिकामी खोली

मी कागदाच्या मिलमधी कामाला आहे. लगदा, वाफ आणि ओल्या रद्दीचा वास. शाळा नववीत सुटली. पुढचं शिकलो ते मिलच्या रद्दीत. लोकांनी किलोवर विकलेली पुस्तकं आमच्याकडं दळायला येतात. त्यातली काही मी डब्याच्या पिशवीत घालून घरी आणली आणि वाचली. आता कविता लिहितो. वजनाच्या पावतीच्या मागं, गाडीत उभ्यानं.

पहिल्या पाळीला अंधारातच केडगाव स्टेशन गाठावं लागतं. दौंड, पाटस, कडेठाण करत शटल येते ती भरूनच. पुढं खुटबाव, यवत, उरुळी, लोणी, मांजरी. दर स्टेशनाला माणसं घुसतात. गवंडी, वॉचमन, धुण्याभांड्याच्या बाया, दूधवाले. पुणं वाढतंय असं छापून येतं. वाढवणारी माणसं या डब्यात एका पायावर उभी असतात.

डब्यात कुणी विचारतं, "कुठलं गाव?" केडगाव म्हटलं की डोळा मारतात. "म्हंजी चौफुल्याचं! मजा हाय राव तुमची."

चौफुला म्हणजे पुणे-सोलापूर रस्त्यावरचा आमच्या गावाजवळचा चौक. शिरूरकडून आलेला रस्ता इथं हायवे ओलांडून सुपं-मोरगावकडं जातो. तिथं संगीतबारीची थेटरं आहेत. फडाचा तमाशा गावोगाव हिंडतो, जत्रेत तंबू ठोकतो, त्यात वग असतो, सोंगाड्या असतो. बारीचं तसं नाही. एका थेटरात अनेक पार्ट्या मुक्कामाला. पेटी, तबला, ढोलकी आणि नाचणाऱ्या बाया. पाळीपाळीनं स्टेजवर यायचं, ती बारी. खरा पैसा मागच्या बैठकीत. आमच्या मिलमधी पाळी असते तशी त्यांची बारी. आमची पाळी संपली की अंग टेकायला मिळतं, त्यांना गिऱ्हाईक उठेस्तोवर नाही.

याच केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, मग ते पुण्याला आणलं. १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मरणाऱ्या पोरी गोळा करून केडगावच्या माळावर आणल्या. शिकवल्या. छापखान्यात खिळे जुळवायला बसवल्या. ५ एप्रिल १९२२ ला बाई इथंच गेल्या. पण डब्यातला एकही माणूस केडगाव म्हटल्यावर त्यांचं नाव काढत नाही. त्याला बाईचं नाचणं ठाऊक, बाईचं शिकणं ठाऊक नाही.

आता घरातलं सांगतो. आमचा पणजा ढोलकीवाला होता. फडाबरोबर आठ-आठ महिने हिंडायचा. पाटलाच्या वाड्यासमोर रातभर वाजवायचा आणि सकाळी त्याला पाणी वरून वाढायचे. कला आमची, इटाळ पण आमचाच. १९५६ ला बाबासाहेबांनी धम्म दिला. पणज्यानं ढोलकी आढ्याला टांगली ती परत काढली नाही. आजी सांगते, "मामंजी मरेस्तोवर मांडीवर बोटं वाजवायचे, पर ढोलकीला हात लावला न्हाई."

पवळा आणि पठ्ठे बापूरावांची गोष्ट आमच्या वस्तीत सगळ्यांना पाठ आहे. महाडच्या सत्याग्रहाला बापूराव तमाशाचे पैसे द्यायला गेले. आमच्या बाईला नाचवून मिळवलेला पैसा नको, असं बाबासाहेब म्हणाले असं सांगतात. पणज्यानं हीच गोष्ट ऐकून ढोलकी टांगली.

गेल्या दिवाळीला बोनस झाला. मिलमधली चौघं म्हणाली, चल चौफुल्याला. मी गेलो. खोटं कशाला सांगू, ढोलकी पडली तशी माझी बोटं मांडीवर चालायला लागली. दोस्त नोटा उडवत होते. मी बाहेर येऊन चहाच्या टपरीवर बसलो. थोड्या वेळानं त्यातलीच एक बाई शाल पांघरून चहा प्यायला आली. वयानं माझ्या थोरल्या बहिणीएवढी.

"हितलंच का दादा तुम्ही?"

"व्हय."

"मग येखादी खोली बघा की गावात. पोरगी पाचवीला गेली. तिला हितं ठेवायची न्हाई मला. चौफुल्याची म्हटलं की कुणी दार उघडत न्हाई."

मी बघतो म्हणालो. कारण आमच्या घरामागं आम्ही पत्र्याची खोली बांधली होती, भाड्यानं द्यायला. हडपसरला मी खोली शोधत हिंडलो तेव्हा तीन ठिकाणी आधी आडनाव विचारलं होतं आणि मग खोली आत्ताच गेली म्हणाले होते. ते मला विसरता येत नव्हतं.

आजीला विचारलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला तिचा.

"ढोलकी टांगली ती कशापायी? आपुन भाईर पडलो त्यातनं. आता ते दारात नगं."

"आजी, ती पण भाईरच पडायला बघतीया."

"वस्ती काय म्हणंल?"

वडील बोलले नाहीत. म्हणजे ते आजीच्याच बाजूनं. मी पण मग गप बसलो. मिलमधी सुपरवायझरला उलटं बोलणारा मी, घरात गप बसलो.

१९३६ च्या जूनमध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, मुरळ्या आणि कामाठीपुऱ्यातल्या बायांपुढं भाषण केलं. हा धंदा सोडा म्हणाले. मी ते रद्दीतल्या एका पुस्तकात वाचलं. सोडा हे आम्ही ऐकलं, बायांना ऐकवलं पण. सोडून आलेल्या बाईनं राहायचं कुठं, हे विचारलं की आम्ही वस्तीकडं बोट दाखवतो आणि वस्ती आमच्याकडं. मला आडनाव विचारणारा तो घरमालक आणि आम्ही, यात मग फरक काय राहिला? बाबासाहेबांनी पैसा नाकारला होता, बाई नाकारली नव्हती.

खोली अजून रिकामी आहे. तिच्यात आता सरपण आणि मोडकी सायकल पडलीय. मी चौफुल्यावरून जाताना टपरीकडं बघत नाही.

आजीला वाचता येत नाही. हा अंक हातात आला की पहिल्यांदा तिलाच हे वाचून दाखवणार आहे, वडलांच्या समोर. मग सरपण बाहेर काढणार आहे. पुढं काय होईल ते होईल.