पट्टीखालचे रबर

वापरलेला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड विकत घेताना पारख करायची ती पट्ट्यांची. आवाज हा त्यातला सर्वांत टिकाऊ भाग असतो. पियानो, बासरी, सतार यांचे नमुने चिपमध्ये साठवलेले असतात आणि वीस वर्षांनीही ती चिप पहिल्या दिवशी वाजे तशीच वाजते. सुराचा पाया स्फटिकाच्या कंपनावर बांधलेला असल्यामुळे पेटीसारखा सूरही उतरत नाही. झिजते ते बोट आणि चिप यांच्या मधले यंत्र. ते प्लास्टिकचे, रबराचे आणि कार्बनच्या थराचे असते, आणि शिकाऊ हाताला आयुष्यभराची सवय लावते तेही तेच. तरीही जुन्या वाद्याच्या खरेदीत सर्वांत कमी वेळ त्याच्याच वाट्याला येतो. किती आवाज, किती ताल, तबला-तानपुरा आहे का, एवढे विचारून होते, पट्ट्यांवरून एकदा हात फिरतो आणि व्यवहार ठरतो.

कॅसिओने पहिला कॅसिओटोन १९८० मध्ये बाजारात आणला. महाराष्ट्रात आजही कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला सरसकट कॅसिओच म्हणतात, म्हणून जाहिरातीतल्या नावावर न जाता वाद्यावरचा मॉडेल क्रमांक आधी मागवून घ्यावा. त्यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली पट्ट्यांची संख्या आणि माप. पूर्ण मापाच्या पट्ट्यांत एक सप्तक साधारण साडेसोळा सेंटिमीटरचे असते. कॅसिओ एसए-४६ वर ३२ आणि एसए-७६ वर ४४ पट्ट्या असतात, पण त्या लहान मापाच्या. त्यांवर शिकलेला पंजा पुढे पेटीवर किंवा पियानोवर बसला की प्रत्येक अंतर चुकते. पाच सप्तकांचा, ६१ पूर्ण पट्ट्यांचा कीबोर्ड हीच शिकाऊची किमान गरज. दुसरी गोष्ट म्हणजे स्पर्शसंवेदन, ज्याला दुकानात ‘टच’ म्हणतात. यामाहा पीएसआर-एफ५१, कॅसिओ सीटी-एस१०० आणि सीटी-एस२०० यांत ते नाही. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. पीएसआर-ई३६३, ई३७३ आणि सीटी-एस३०० यांत ते आहे.

टच नसला तरी सुरुवातीला चालते, असे सांगणारे शिक्षक पुष्कळ आहेत, आणि त्यांतले बरेचसे पेटीच्या परंपरेतून आलेले असतात. पेटीची पट्टी फक्त हवेला वाट उघडून देते. स्वर लहान-मोठा होतो तो भात्यामुळे. त्यामुळे पेटीवर तयार झालेल्या हाताला पट्टीच्या आघातात भाव असतो हे जाणवण्याची गरजच पडलेली नसते. ‘नागिन’ (१९५४) या चित्रपटातली बीन कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली. त्या वाद्याच्या पट्टीलाही टच नव्हता, पण आवाज चढवण्या-उतरवण्यासाठी गुडघ्याने हलवायची तरफ होती. टच नसलेल्या स्वस्त कीबोर्डला भाताही नाही आणि तरफही नाही. त्यावर शिकणाऱ्याला स्वर हलका घेणे आणि ठासून घेणे यांतला फरक ऐकूच येत नाही, आणि जे ऐकू येत नाही ते हात शिकत नाही. पैसे कमी असतील तर आवाजांची संख्या सोडावी, लुकलुकणाऱ्या पट्ट्या सोडाव्यात, रंगीत पडदा सोडावा. टच सोडू नये.

आता पट्टीच्या खाली. कीबोर्ड उघडला की पट्ट्यांच्या रांगेखाली करड्या किंवा पांढऱ्या रबराच्या लांब फिती दिसतात, बहुधा प्रत्येकी एका सप्तकाच्या. त्यांवर प्रत्येक पट्टीसाठी एक फुगीर घुमट असतो. टच असलेल्या वाद्यात त्या घुमटाच्या आत कार्बनच्या दोन काळ्या टिकल्या असतात, एक थोडी खाली आलेली आणि दुसरी किंचित वर. पट्टी दाबली की पहिली टिकली सर्किट बोर्डावरच्या कार्बनच्या नक्षीला टेकते, मग दुसरी. दोन्हींमध्ये गेलेला वेळ यंत्र मोजते. वेळ कमी म्हणजे आघात जोराचा, वेळ जास्त म्हणजे आघात हलका. मिडीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या सामाईक भाषेत हा जोर १ ते १२७ या आकड्यांत नोंदवला जातो. वादनातला सगळा नाजूकपणा या दोन टिकल्यांमधल्या अंतरावर उभा आहे.

हीच जागा बिघडते. धूळ, चहाचा थेंब, पावसाळ्यातली ओल, कोकणात खारा वारा, यांनी एखादी टिकली नीट टेकेनाशी होते. मग ती पट्टी दोन प्रकारे वागते: कधी मुकी राहते, कधी कारण नसताना किंचाळते. किंचाळणारी पट्टी नवख्याला ‘छान, जोरात वाजतेय’ अशी वाटते. प्रत्यक्षात एका टिकलीची वेळ नीट नोंदली जात नाही आणि यंत्र तो आघात भलत्याच जोराचा धरते. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. पट्टी वाजते, वेळेवर वाजते, पण शेजारणीपेक्षा थोडी दबून. कार्बन गुळगुळीत झालेला असतो, संपलेला नसतो. दहा वेळा दाबून पाहिली तरी खोट लक्षात येत नाही. ओळीत वाजवल्यावर मात्र दर वेळी त्याच जागी चाल अडखळते. शिकणारा मुलगा ती अडखळ आपल्या बोटाची समजतो, आणि सहा महिने त्या बोटाला ताण देत राहतो.

कुठल्या पट्ट्या झिजल्या असतील, याचा अंदाज वाद्य कुठून आले त्यावरून बांधता येतो. घरगुती शिकवणीत वापरलेल्या वाद्यात मधल्या सप्तकाच्या पांढऱ्या पट्ट्या सर्वांत थकलेल्या सापडतात आणि काळ्या जवळजवळ नव्या. याचे कारण ट्रान्स्पोझचे बटण. गाणाऱ्या मुलीचा स्वर काळी चार असला तरी बटणाने स्वर हलवून बोटे पांढरी एकवरूनच चालवायची, ही सोय शिकवणीच्या वर्गांनी फार सैलपणे स्वीकारली. पेटीवर काळी चार, पांढरी पाच, काळी एक अशा प्रत्येक स्वरातून अलंकार बसवून घेणारी पिढी मागे पडली आणि तिच्याबरोबर बोटांची एक मोठी तयारीही गेली. भजनी मंडळाच्या किंवा ऑर्केस्ट्राच्या वाद्यात झीज सगळीकडे सारखी असते. तिथे भीती पट्ट्यांपेक्षा प्रवासात हललेल्या सांध्यांची आणि सैल झालेल्या जॅकची.

तपासणी अशी करावी. ताल, साथसंगत, दुहेरी आवाज बंद करावेत. टच चालू आहे का ते पाहावे. आवाज पियानोचा ठेवावा; ऑर्गन किंवा हार्मोनियमचा आवाज निवडला तर बऱ्याच वाद्यांत आघाताचा फरक उमटत नाही आणि खोट झाकली जाते. ध्वनी मध्यम ठेवून, एकाच बोटाने, सर्वांत खालच्या पट्टीपासून वरपर्यंत, काळ्या-पांढऱ्या क्रमाने, प्रत्येक पट्टी सारख्या वजनाने दाबावी. घाई करू नये. दुसऱ्या फेरीत जितके हळू दाबता येईल तितके दाबावे. झिजलेली टिकली इथे पकडली जाते. तिसऱ्या फेरीत एकेक पट्टी भराभर आठ-दहा वेळा ठोकावी; स्वर गळत असेल किंवा एका आघातात दोनदा वाजत असेल तर ते इथे कळते. मग डोळे पट्ट्यांच्या पातळीवर आणून रांग पाहावी. एखादी पट्टी खाली बसलेली असेल तर तिची स्प्रिंग किंवा खालचा नमदा गेलेला असतो. ठरावीक अंतराने सहावी किंवा आठवी पट्टी मुकी असेल, किंवा लागोपाठचा एक गटच बंद असेल, तर दोष रबराचा नसून बोर्डावरच्या रेषेचा, डायोडचा किंवा चपट्या केबलचा असण्याचा संभव जास्त. ती दुरुस्ती वेगळी आणि खर्चाची.

एक सल्ला सगळेच देतात: सोबत जाणकार वादकाला न्यावे. या कामापुरता तो सल्ला तपासून घ्यायला हवा, कारण कसलेला हात हा पट्ट्यांचा सर्वांत वाईट परीक्षक असू शकतो. वर्षानुवर्षे वेगवेगळी वाद्ये हाताळलेल्या वादकाची बोटे दबलेल्या पट्टीला नकळत जास्त वजन देतात आणि किंचाळणारीला आवरतात. त्याच्या हाताखाली सदोष वाद्यही सपाट वाजते. त्याचा कान स्वतःच्या वादनाकडे असतो, पट्टीकडे नसतो. वय वाढते तसा हा दोष अधिकच बळावतो, कारण वरच्या सप्तकातली बारीक खरखर कानाला कमी येऊ लागते आणि बोटांची सवय मात्र पक्की होत जाते. त्यात अहंकाराचाही भाग आहे, आणि तो मान्य करायला वादक मंडळींना जड जाते. चार लोकांसमोर कीबोर्ड पुढे आला की एकेक पट्टी दाबत बसणे कुणालाच शोभेसे वाटत नाही. एखादी झोकदार चाल, डाव्या हाताने साथीचा ताल, वरच्या सप्तकात एक तान, आणि मग मान हलवून ‘वाद्य चांगले आहे’. त्या दोन मिनिटांत वाजवणाऱ्याची परीक्षा होते आणि वाद्याची राहून जाते. नवख्याचे अडाणी, सारख्या वजनाचे एक बोट या कामाला जास्त विश्वासू असते. जाणकाराने शेजारी बसून ऐकावे आणि हात मागे ठेवावेत.

विक्रेत्याने लावून दाखवलेला डेमोही याच कारणाने निरुपयोगी. डेमोचे संगीत यंत्राच्या आतून वाजते. एकही पट्टी काम करत नसली तरी डेमो उत्तम वाजेल. त्यातून स्पीकर आणि चिप शाबूत आहेत एवढेच सिद्ध होते. स्पीकरचा आवाज मधूनच जात असेल तर लगेच निराश होऊ नये. हेडफोनच्या जॅकमध्ये एक बारीक आतली पात असते. पिन आत गेली की ती स्पीकर बंद करते. ती गंजली किंवा अडकली की पिन काढल्यावरही स्पीकर मुकाच राहतो. पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर केल्यावर आवाज परतला तर दोष तिथेच आहे, आणि जॅक बदलणे हे छोटे काम आहे. सगळे वाद्यच बेसूर वाटत असेल तर बहुधा आधीच्या मालकाचे ट्रान्स्पोझ किंवा ट्यूनिंग तसेच राहिलेले असते. यामाहाच्या पीएसआर-ई मालिकेत सर्वांत वरची पांढरी पट्टी दाबून धरून वाद्य चालू केले की जतन केलेल्या नोंदी पुसल्या जातात. मात्र सूर वर-खाली ओढणारे पिच बेंडचे चाक असलेल्या वाद्यात ते चाक सोडल्यावर बरोबर मध्यावर परतते का हे पाहावेच. ते झिजले की अख्खे वाद्य किंचित चढे किंवा उतरे राहते.

विजेच्या बाजूला एकच गोष्ट खरी धोक्याची, ती म्हणजे चुकीचा ॲडॉप्टर. यामाहाच्या बहुतेक लहान कीबोर्डना १२ व्होल्ट लागतात आणि पिनच्या मध्यात धन टोक असते. कॅसिओच्या जुन्या एडी-५ ॲडॉप्टरमध्ये ९ व्होल्ट आणि मध्यात ऋण टोक. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बसणारी पिन सहज मिळते, पण पिन बसली म्हणजे टोके जुळली असे होत नाही. वाद्याच्या पाठीवर व्होल्ट आणि टोकांची खूण छापलेली असते, ती वाचून घ्यावी. सेलचा कप्पा उघडून पाहायलाही विसरू नये. फुटलेल्या सेलचा पांढरा-हिरवा चुरा तिथे असेल तर तो स्प्रिंगवर थांबलेला नसतो. तारेवाटे बोर्डापर्यंत पोचलेला असू शकतो. ‘सेलवर कोण वाजवतं, ॲडॉप्टरवर चालतो ना’ हे उत्तर या ठिकाणी पुरेसे नाही.

रबराचा दोष असलेला कीबोर्ड टाकून द्यायचा नसतो. खालचे स्क्रू काढून, पट्ट्या उचलून, रबर आणि बोर्डावरची नक्षी आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसली की निम्मी दुखणी जातात. थिनर आणि पेट्रोल रबराला फुगवतात; गंज सोडवणारा फवारा तेलाचा थर ठेवतो आणि धूळ बोलावतो. पेन्सिलीचे शिसे टिकलीवर घासण्याचा उपाय दुकानांतून चालतो, तो काही आठवड्यांपुरता. यापेक्षा चांगली युक्ती जुन्या कारागिरांची: सप्तकांची रबरे एकसारखी असतील तर क्वचितच वाजणाऱ्या टोकाच्या सप्तकाचे रबर मध्ये आणायचे आणि थकलेले टोकाला द्यायचे. बसवताना रबराचे खुंट बोथट टोकाने भोकांत पूर्ण उतरवावे लागतात. एकही खुंट वर राहिला तर तिथली पट्टी जड होते किंवा दुहेरी वाजते, आणि मग पुन्हा सगळे उघडणे आले. असे बसून काम करणारे कारागीर कमी होत चालले आहेत; पूर्ण बोर्ड बदला किंवा नवीन घ्या, हे उत्तर सोपे पडते. रबर मात्र अनेक प्रचलित मॉडेलांचे सुटे मिळते, म्हणून खरेदीपूर्वी त्या मॉडेलचे मिळते का याची चौकशी करावी.

किमतीचा हिशेब या सगळ्यानंतर करायचा. टच नसलेला ६१ पट्ट्यांचा नवा साधा कीबोर्ड सध्या आठ-दहा हजारांच्या घरात मिळतो, तेव्हा टच असलेला जुना त्याच्या निम्म्यात, मूळ ॲडॉप्टरसह, पट्ट्या समान असतील तर रास्त. एखाद-दुसरी पट्टी दबलेली असेल तर रबराची आणि मजुरीची रक्कम वजा करून घ्यावा. बोर्डावरच्या रेषेचा दोष असेल, किंवा सेलचा चुरा आत गेलेला असेल, तर किंमत कितीही उतरली तरी तो शिकाऊसाठी नाही. सुट्या भागांसाठी कारागिराने घ्यावा.