बत्तीस मणांचं तख्त

सभासदाने शिवाजी महाराजांची बखर लिहिली ती जिंजीत, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. रायगड हातचा गेला त्याला तेव्हा बरीच वर्षं उलटली होती. तिथे, परमुलखात बसून त्याने गडावरच्या तख्ताचं वर्णन केलं: सोन्याचं, ३२ मणांचं, कोशातली रत्नं धुंडाळून त्यांतली मोठ्या मोलाची तेवढी जडवलेली. हे वाचताना मी दर वेळी जिंजीपाशीच थबकतो. लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की तख्त आपल्याकडे राहिलेलं नाही. लिहून घेणाऱ्यालाही ठाऊक होतं. तरी वजनासकट सगळं कागदावर आलं. शेवटी शिवाजी महाराजांच्या पश्चात कोठारात काय काय होतं, त्याची यादीही आली. ही यादी केवळ हिशेबासाठी केली असेल असं मला कधीच वाटलं नाही.

आम्हा कोल्हापूरकरांना तख्तापासूनचं हे अंतर जवळचं आहे. राजाराम महाराज आणि ताराराणी यांच्या घरातूनच १७१० मध्ये इकडची वेगळी गादी उभी राहिली. गादी आली, गादीचा मान आला, तख्त मात्र आलं नाही. दसऱ्याला अंबाबाईची पालखी दसरा चौकात येते, छत्रपती शमीपूजन करतात आणि पुढच्याच क्षणी आपट्याच्या पानांवर अशी झुंबड उडते की कोण कुणाच्या अंगावर पडतंय ते कळत नाही. त्या गर्दीत मी वाढलो. हातात चुरगळलेली पानं घेऊन, ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणत घरोघर फिरताना ते खरं सोनं कुठे गेलं, हा प्रश्न मला लहानपणापासून छळतो.

ते तख्त पाहणारे थोडेथोडके नव्हते. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेकासाठी रायगडावर नुसती रीघ लागली होती. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन दरबारात होता. तख्ताच्या दोन्ही बाजूंना भाल्यांच्या सोनेरी टोकांवर लावलेली चिन्हं त्याने नीट टिपली आहेत: मोठ्या दातांच्या माशांची शिरं, घोड्यांची शेपटं आणि न्यायाची खूण म्हणून सोन्याचा तराजू. एवढ्या डोळ्यांनी पाहिलेली वस्तू पंधरा वर्षांत नाहीशी होते.

एप्रिल १६८९ मध्ये राजाराम महाराज रायगडाला पडलेल्या मोगलांच्या वेढ्यातून निसटले. मागे येसूबाई आणि लहानगे शाहू राहिले. नोव्हेंबरात गड मोगलांकडे गेला, मायलेकरं कैदेत गेली. पुढे गडावर सिद्दीचा अंमल बसला आणि १७३३ पर्यंत तो परक्यांकडेच होता. चव्वेचाळीस वर्षं! १८१८ मध्ये इंग्रज गडावर चढले तेव्हा त्यांना रोकड सापडली, तख्त नाही. आजही गडावर कुणी सांगतो, गंगासागर तलावात बुडवलं. कुणी सांगतो, तळघरात पुरलं. सांगणाऱ्याच्या आवाजात आशा असते, म्हणून मी वाद घालत नाही. पण ३२ मण म्हणजे इतके किलो असं छातीठोक सांगणाऱ्यांवर मात्र माझा विश्वास नाही. मणाचं माप मुलखागणिक बदलत असे.

माझं मन आटणीकडे झुकतं. कोल्हापूरच्या गुजरीत एका सोनाराकडे मी हे काम जवळून पाहिलं आहे. जुनं गंठण, एक तुटकी बुगडी, मुलाची झिजलेली अंगठी अशी तीन पिढ्यांची मोड मुशीत पडली. ज्योत लागली, कडा ढासळल्या, वर एक थरथरती चकाकी आली, आणि ओतल्यावर उरली बोटाएवढी लगड. बुगडी कुणाची, अंगठी कुणाची, आता कुणी सांगू शकलं नसतं. सोनार लगडीचा कस सांगेल, वजन सांगेल, धनी नाही सांगू शकणार. तख्ताचं असंच झालं असेल, तर त्याचे कण आज कुणाकुणाच्या अंगावर असतील. गुजरीतल्या गटारात पहाटे झारेकरी माती चाळून रवा-रवा सोनं काढतात. त्यांच्या घमेल्याकडे पाहताना मला हाच विचार सुचतो.

आटलेलं सोनं बोलत नाही, कागद बोलतो. गड ताब्यात घेतला की मोजदाद होते, मोजदाद झाली की कारकून बसतो, आणि कारकुनाने लिहिलेलं कुठल्या ना कुठल्या रुमालात बांधलं जातं. तख्ताचा माग लागायचा असेल तर तो अशाच एखाद्या रुमालातून लागेल, कुदळीने नाही. गडावर चोरून खणणाऱ्यांना हे कुणीतरी बजावून सांगायला हवं. आपल्याकडे देशमुखांच्या, कुलकर्ण्यांच्या, देवस्थानांच्या वाड्यांत माळ्यावर अजून मोडीची दप्तरं पडून आहेत. वाडा पाडायला काढला की ती रद्दीच्या भावाने जातात. तुमच्या घरी असतील तर कृपा करून देऊन टाकू नका. कोल्हापुरात पुराभिलेखागार आहे, मोडी वाचणारी माणसं आहेत. त्यांना एकदा दाखवा.