शिव्या आणि त्यांची उत्तरे

शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ या नाटकाचा पहिला भाग १५९८ साली छापला गेला. त्यातल्या गुत्त्याच्या प्रवेशात राजपुत्र हॅल फॉल्स्टाफच्या अवाढव्य देहावर शब्दांनी तुटून पडतो. उलट हा म्हातारा हॅलच्या किडकिडीत अंगकाठीला वाळवलेल्या माशापासून शिंप्याच्या गजापर्यंत, लांबट आणि रोडके जे जे सुचेल त्याची उपमा देत सुटतो. देता देता त्याला धाप लागते. तेव्हा हॅल त्याला थोडा दम खाऊन पुन्हा सुरुवात करायला सुचवतो. ही सवलत आम्हांला त्या साऱ्या उपमांहून अधिक मोलाची वाटते. शत्रूला कोणी दम खाऊ देत नाही, भिडूला देतात.

वर्गात हा प्रवेश शिकवताना कोणीतरी विचारतेच, की जाड माणसाला जाड म्हणण्यात विनोद तो कसला? प्रश्न रास्त आहे, आणि ‘त्या काळी चालायचे’ हे त्याचे उत्तर नव्हे. आम्ही त्यांना ‘किंग लिअर’मधल्या केंटकडे नेतो. ऑस्वल्डवर तो जी सरबत्ती करतो, ती इंग्रजी रंगभूमीवरच्या शिव्यांच्या नामावळीत बहुधा सर्वांत दिमाखदार असेल. पण ती नीट वाचावी. ऑस्वल्डला वर्षाकाठी मिळणारे कपड्यांचे मोजके जोड, पायांतले लोकरीचे मोजे (सभ्य गृहस्थ रेशमी घालीत), यांवरच बराचसा भर आहे. नोकराचा वेष घेतलेला एक उमराव दुसऱ्याला त्याच्या नोकरपणावरून हिणवतो आहे! ऑस्वल्ड लबाड आहे हे मान्य. तरी त्याला तोडीस तोड काही सुचत नाही, तो मदतीसाठी ओरडतो. इथे आम्ही हसतो खरे, पण हसू अर्धवटच राहते.

उत्तर देण्याची सोय नसली की विनोद कसा बोचतो, हे ‘मच अडो अबाउट नथिंग’मध्ये याहून सूक्ष्मपणे दिसते. बेनेडिक आणि बिअॅट्रिस यांची चकमक बरोबरीची असते, तोवर दोघांनाही काही लागत नाही. मुखवट्यांच्या नाचात मात्र ती त्याला, त्याच्याचविषयी, तो म्हणजे राजपुत्राचा विदूषक असल्याचे सांगते. मुखवट्यामुळे बेनेडिकला तोंड उघडता येत नाही. मग तो त्या एका शब्दाचे दुःख कितीतरी वेळ उगाळत बसतो.

वाइल्डच्या १८९५ च्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’मध्ये तर शब्दांचीही गरज उरत नाही. ग्वेंडोलेन चहात साखर नको म्हणते, सेसिली चार खडे टाकते. ती केक नाकारून लोणी-पाव मागते, तर सेसिली केकचा भलामोठा तुकडा कापून तिच्या बशीत ठेवते. नोकर समोर असल्यामुळे दोघींना आवाज चढवता येत नाही. आमच्याकडच्या हळदीकुंकवाच्या जाणकारांना हा प्रवेश समजावून सांगावा लागत नाही. असो.

पुन्हा हॅलकडे येऊ. त्याच गुत्त्यात पुढे नाटकातले नाटक रंगते. हॅल बाप होतो, फॉल्स्टाफ हॅल होतो आणि आपल्याला हाकलू नये म्हणून स्वतःचीच वकिली करतो. त्यावर हॅल दोनच इवली वाक्ये बोलतो, एक वर्तमानकाळातले आणि दुसरे भविष्यकाळातले. त्यांत उपमा नाही की कोटी नाही. आजवरच्या सगळ्या शिव्यांत जे नव्हते ते या दोन वाक्यांत आहे.

दुसऱ्या भागाच्या अखेरीस राज्याभिषेक होऊन नवा राजा मिरवत येतो, आणि फॉल्स्टाफ त्याला भर रस्त्यात प्रेमाने हाक मारतो. राजा ओळख नाकारतो. गंमत अशी, की नाकारतानाही सवयीने त्याच्या तोंडून लठ्ठपणावरची एक कोटी निसटतेच, थडग्याच्या रुंदीवरची. लगेच सावध होऊन तो म्हाताऱ्याला थट्टेने उत्तर द्यायची मनाई करतो. दहा मैलांच्या हद्दीची शिक्षा त्यानंतर येते. आमच्या मते खरी शिक्षा ही मनाईच होय.

फॉल्स्टाफ मनाई पाळतो. राजा निघून गेल्यावर तो पहिल्यांदा बोलतो ते शेजारी उभ्या असलेल्या शॅलोशी, आणि तेही एवढेच, की मी तुमचे हजार पौंड देणे लागतो.