तेलाचा ताप

जुनी मोटार बाळगणें हें जुना वाडा बाळगण्यासारखेंच आहे. एका भिंतीची डागडुजी करावी तों दुसरीचा गिलावा सुटतो. आमच्या घरीं स्टँडर्ड हेरल्ड नांवाची लहानशी मोटार आहे. इंग्लंडांतील ट्रायंफच्या कारखान्यानें १९५९ सालीं ह्या जातीची गाडी प्रथम काढली. तिचा आकार मिकेलोट्टी ह्या इटालियन कलावंतानें आंखलेला. पुढें मद्रासेस स्टँडर्ड कंपनी ती आपल्या देशांत बांधूं लागली, आणि १९६९ सालीं आमच्या वडिलांनीं त्यांतली एक पुण्यास आणली. ह्या गाडीचें सबंध नाक, दिवे व मडगार्डें यांसकट, पुढें कलतें होतें आणि मग पुढच्या चाकावर ऐसपैस बसून इंजिनाची शुश्रूषा करतां येते. वडिलांचे कित्येक रविवार त्या चाकावर गेले.

२००१ सालीं वडील वारले आणि गाडी मागल्या पडवींत जाऊन उभी राहिली. वीस वर्षें ती तशीच होती. तिच्याविषयीं आमच्या मातोश्री एक अक्षर बोलत नसत. एके दिवशीं मात्र भाजी निवडतां निवडतां त्या म्हणाल्या, "अरे, त्या गाडींतून एकदां पांचगणीला जायचें राहिलें आहे." त्यांचें वय तेव्हां ब्यायशीं वर्षांचें. असल्या वाक्याला उत्तर द्यावयाचें नसतें. दसऱ्यास आम्ही गाडीवरील ताडपत्री काढली.

इंजिन उघडून नव्यानें बांधण्यांत दीड वर्ष गेलें. तें पुराण येथें सांगत नाहीं. गाडी सुरू झाली, चालूं लागली, आणि त्याबरोबर आमच्या मनांत एक जुनी भीति जागी झाली. १९७४ च्या मे महिन्यांत वाईहून पांचगणीस जातांना पसरणीच्या घाटांत हीच गाडी उकळली होती. आम्ही तेव्हां बारा वर्षांचे होतों. एका वळणावर वडिलांनीं गाडी कडेला घेतली, रेडिएटरमधून वाफेचा लोट उठला, आणि खालच्या वाडीवरून कळशीभर पाणी येईपर्यंत आम्ही सर्व जण कठड्यावर बसून राहिलों. तें दृश्य आम्ही विसरलों नव्हतों. आतां ज्या इंजिनांत एवढा पैसा व जीव ओतला तें त्याच घाटांत तापून जाम झालें तर? ह्या विवंचनेंत असतां आमच्या वाचनांत ऑइल-कूलर आला.

ज्या वाचकांना ह्या वस्तूचा परिचय नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. इंजिनांतील तेल केवळ वंगणाचें काम करीत नाहीं. पिस्टनच्या पोटाशीं आणि बेअरिंगांच्या फटींत, जेथें पाणी पोंचत नाहीं, तेथील उष्णता उचलून आणण्याचें कामही तेंच करतें. फार तापलें तर तें पातळ होतें, त्याचा दाब उतरतो आणि धातूवर धातू घासूं लागतो. म्हणून शर्यतीच्या किंवा तासन् तास भरधांव जाणाऱ्या गाड्यांना तेलासाठीं एक लहानसा वेगळा रेडिएटर लावतात. इंजिन व फिल्टर यांच्यामध्यें एक चकती बसवावयाची, तिच्यांतून दोन नळ्या काढावयाच्या, आणि तेल त्या कूलरमधून फिरवून परत आणावयाचें, एवढीच त्याची रचना. कूलर किती मोठा हें त्याच्या ओळींवरून मोजतात. दहा, तेरा, सोळा, एकोणीस अशा त्याच्या पायऱ्या असतात.

आमची कन्या यंत्रशास्त्राची पदवीधर आहे. आम्ही मोठ्या उत्साहानें तिला बेत सांगितला. ती म्हणाली, "बाबा, घाटांत उकळलें तें पाणी. तेलाची चौकशी त्या दिवशीं कोणी केली होती का?"

ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें; म्हणून आम्ही रागावलों. घरांतल्या वडीलधाऱ्या माणसाला ही सोय असते. तिचें म्हणणें असें कीं, प्रथम तेलाच्या तळपात्रांत उष्णता मोजणारें साधन बसवावें, महिनाभर आंकडे टिपावे आणि मग काय तें ठरवावें. आम्हांस तेवढा धीर नव्हता. दुसऱ्याच रविवारीं आम्ही जुन्या बाजारांत गेलों आणि कोणा मोडीत निघालेल्या गाडीचा कूलर अल्प किंमतींत घेऊन आलों. कन्येनें तो हातांत घेऊन एकच विचारलें, "ती गाडी मोडीत कां निघाली?" इंजिन फुटलें असेल, तर त्याच्या बेअरिंगांचा चुरा कूलरच्या अरुंद घड्यांत अडकून राहतो. कितीही धुवा, तो सगळा निघत नाहीं. आणि नव्या इंजिनांत पहिल्याच दिवशीं सुटून येतो. तो कूलर आतां आमच्या टेबलावर पत्रें खोंचून ठेवण्याच्या कामीं येतो.

मग आम्ही नवा घेतला, पण हट्टानें एकोणीस ओळींचा घेतला. ९४८ घनसेंटिमीटरच्या इंजिनाला एकोणीस ओळी म्हणजे मुंजाच्या मुलाला आजोबांचा अंगरखा! चकतीही साधी घेतली. थर्मोस्टॅटची थोडी महाग होती. तेवढे पैसे आम्ही वांचविले. कन्येनें वाद केला नाहीं. तिनें फक्त आपला उष्णतेचा कांटा मुकाट्यानें बसवून टाकला.

डिसेंबरचा महिना होता. आम्ही रोज सकाळीं गाडी फिरवून आणीत असूं, आणि तेलाचा कांटा साठ अंशांच्या वर जाण्यास राजी नसे. आम्हांस त्यांत विजय दिसत होता. तिसऱ्या आठवड्यांत तेल ओतण्याचें झांकण उघडलें तों त्याच्या आंतल्या बाजूस पांढरट पिंवळा लोण्यासारखा थर! मातोश्री शेजारींच खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हें ताक कोणी घुसळलें?"

तें ताक आम्हींच घुसळलें होतें. पेट्रोल जळतांना पाण्याची वाफ होते आणि तिचा थोडा अंश, कांहीं कच्च्या पेट्रोलासह, पिस्टनच्या कडेनें खालीं तेलांत उतरतो. तेल ऐंशीं-नव्वद अंशांपर्यंत तापलें म्हणजे हा ओलावा उडून जातो. तें थंडच राहिलें तर पाणी तेथेंच मुरतें, तेल नासतें आणि आंतून गंज धरतो. शिवाय थंड तेल जाड असल्यामुळें इंजिनाला तें ढकलण्याचा भार वेगळाच. खनिज तेलाला साधारण ऐंशीं ते एकशेंदहा अंश मानवतात. एकशेंतीसच्या पुढें त्याची अवस्था वाईट होत जाते. ज्या तापाच्या भयानें आम्ही एवढा खटाटोप केला, तो बऱ्याच अंशीं तेलाला हवाच होता.

आम्ही कूलर उतरविला, तेल बदललें आणि कन्येच्या आज्ञेंत वागूं लागलों. कूलरवांचून जुन्या कात्रज घाटांत भर दुपारीं चार वेळां गाडी चढविली. तेल एकशेंचारापर्यंत गेलें. म्हणजे खरें पाहतां कूलरची गरजच नव्हती. पण उन्हाळा यावयाचा होता, पसरणीचा चढ लांब आहे, आणि आमचा विरसलेला चेहरा तिला पाहवला नसावा. तिनें दहा ओळींचा कूलर आणि थर्मोस्टॅटची चकती मंजूर केली. तेल ऐंशीं अंशांवर गेल्याखेरीज ही चकती कूलरची वाट पुरती उघडीत नाहीं. तोंवर थोडी धार मात्र जाऊं देते, म्हणजे आंतलें थंड तेल एकदम इंजिनावर येत नाहीं.

कूलर रेडिएटरच्या अगदीं पुढें सबंध रुंदीभर लावला तर पाण्याला गरम वारा मिळतो आणि तेलाचा ताप पाण्याला होतो; म्हणून तो एका कोंपऱ्यास, खालच्या अंगाला, रबरी गुटक्यांवर बसविला. नळ्यांचीं तोंडें वरच्या बाजूस ठेवलीं, म्हणजे आंत हवा कोंडत नाहीं. प्रथम कूलर तेलानें भरून घेतला, स्पार्क प्लग काढून दाबाचा दिवा विझेपर्यंत इंजिन नुसतें फिरविलें आणि मगच सुरू केलें. हें सर्व कन्येच्या देखरेखीखालीं झालें. नळ्या बांधण्याचें काम तेवढें आमच्याकडे होतें.

१४ एप्रिल २०२४ रोजीं रविवारीं निघावयाचें ठरलें. मातोश्रींनीं आदल्या दिवशींच दशम्या केल्या. संध्याकाळीं कन्येनें सहज म्हणून गाडीचें नाक कलतें केलें आणि विजेरी घेऊन ती वांकली. बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं. मग तिनें आमचें बोट धरून चासीच्या कडेवरून जाणाऱ्या ब्रेकच्या नळीवर ठेवलें. तेथें नखाएवढी खांच लागत होती. आम्ही बांधलेली तेलाची नळी वरून पोलादी तारांनीं विणलेली. एका ठिकाणीं आम्ही तिचा पट्टा बसविण्याचा कंटाळा केला होता. इंजिनाच्या प्रत्येक थरथरीसरशीं ती कानशीसारखी ब्रेकच्या नळीवर घासत राहिली होती. चढण चढून गेलों असतों कदाचित्. उतरतांना, ब्रेकवर पाय दाबला असतां, त्या नळीचें काय झालें असतें हें आम्ही कोणी उच्चारलें नाहीं.

त्या रात्रीं मातोश्रींना सांगणें भाग पडलें. कूलर चांगला होता, ब्रेक चांगले होते. पट्टा आम्ही लावला नाहीं, हें आम्ही सांगितलें. त्यांनीं दशम्यांचा डबा उघडला आणि म्हणाल्या, "तुमचे दोघांचे हात काळे आहेत. धुवून या."

ब्रेकची नळी सबंध नवी घातली. तेलाच्या नळ्या दुसऱ्या वाटेनें नेल्या, त्यांवर रबराचें आवरण चढविलें आणि वीतवीतभर अंतरावर पट्टे ठोकले. पुढल्या रविवारीं निघालों. वाईस चहा घेतला आणि पसरणीच्या चढाला लागलों. डाव्या हातास कृष्णेचें खोरें खालीं खालीं जात होतें. तेलाचा कांटा अठ्ठ्याण्णवावर येऊन स्थिर झाला. पाणीही शांत होतें. आम्ही मागें वळून कांहीं अभिमानानें हें सांगणार, इतक्यांत मातोश्री म्हणाल्या, "थांब. इथें गाडी उकळते."

"आई, आतां नाहीं उकळत."

"माहीत आहे मला. तरी थांब."

गाडी कडेला घेतली. त्या कन्येचा हात धरून उतरल्या आणि कठड्यावर जाऊन बसल्या. आम्ही इंजिन बंद केलें आणि पाण्याची बाटली घेऊन त्यांच्यापाशीं गेलों.