हिशेबात न धरलेली दहा वर्षं

५४४ विजय, १०१ पराभव, ४५ बरोबरी.

जेरी येगली यांच्या कारकिर्दीचा हा हिशेब. अमेरिकेतल्या इंडियाना युनिव्हर्सिटीच्या पुरुष सॉकर संघाचे ते हेड कोच होते. सॉकर म्हणजे आपलं फुटबॉलच. तिकडे ‘फुटबॉल’ म्हटलं की हेल्मेटवाला खेळ डोळ्यांसमोर येतो, म्हणून हे वेगळं नाव. ६९० मॅचेस, सहा राष्ट्रीय विजेतेपदं. २००३ला ते निवृत्त झाले, तेव्हा कॉलेज सॉकरच्या सर्वांत वरच्या पातळीवर, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, त्यांच्याइतक्या मॅचेस दुसऱ्या कोणत्याही कोचने जिंकलेल्या नव्हत्या.

मी ब्लूमिंग्टनला, म्हणजे याच युनिव्हर्सिटीच्या गावी, डेटा सायन्समध्ये मास्टर्स करायला आले. कुठलाही तक्ता दिसला की आधी त्याची पहिली ओळ बघायची, ही सवय इथे लागली. येगलींच्या तक्त्याची पहिली ओळ १९७३ची आहे. पण ते ब्लूमिंग्टनला आले १९६३ साली.

मग मधली दहा वर्षं कुठे गेली?

ती वर्षं ‘क्लब’मध्ये गेली. अमेरिकन कॉलेजात दोन प्रकारचे संघ असतात. एक व्हर्सिटी, म्हणजे कॉलेजचा अधिकृत संघ. त्याला बजेट मिळतं, प्रवासखर्च मिळतो, राष्ट्रीय स्पर्धेचं दार उघडं असतं. दुसरा क्लब, म्हणजे हौसेखातर जमलेली पोरं. येगली युनिव्हर्सिटीत शारीरिक शिक्षण शिकवायचे आणि जोडीला हा क्लब सांभाळायचे. ते स्वतः काही हौशी गडी नव्हते. पेनसिल्व्हेनियातल्या वेस्ट चेस्टरच्या ज्या संघाने १९६१चं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, त्यात ते खेळले होते. असा माणूस दहा वर्षं ‘आम्हाला व्हर्सिटीचा दर्जा द्या’ म्हणत राहिला, आणि दहा वर्षं तो मिळाला नाही.

इंडियाना हे बास्केटबॉलचं राज्य. इथे घराच्या गॅरेजवरसुद्धा बास्केट टांगलेली दिसते. तिथे सॉकरसाठी पैसे मागणं म्हणजे आपल्याकडे एखाद्या शाळेत क्रिकेटचं किट बाजूला ठेवून हॉकी स्टिकसाठी पैसे मागण्यासारखं. अखेर १९७३मध्ये दर्जा मिळाला, आणि तिथून मोजणी सुरू झाली.

पुढचं सगळं वेगाने घडलं. अवघ्या तीन वर्षांत, १९७६ला, संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचला. सॅन फ्रान्सिस्कोकडून हरला. १९७८ला पुन्हा अंतिम सामना, पुन्हा सॅन फ्रान्सिस्को, पुन्हा हार. १९८०ला तिसऱ्यांदा तेच. १९८२ला समोर ड्यूक युनिव्हर्सिटी होती. मॅच संपेचना. एक-दोन नाही, तब्बल आठ ओव्हरटाइम झाले. शेवटी ग्रेग थॉम्पसनने आपला दुसरा गोल मारला आणि इंडियाना २-१ने जिंकली. पहिलं विजेतेपद. त्यानंतर १९८३, १९८८, १९९८, १९९९. आणि २००३, येगलींचा शेवटचा सीझन. सुरुवात इतकी खराब झाली होती की विजेतेपदाचं नाव काढायची सोय नव्हती. तरी डिसेंबरमध्ये सेंट जॉन्सला २-१ने हरवून ते मैदानाबाहेर पडले. पुढे त्यांचा मुलगा टॉड याच संघाचा हेड कोच झाला आणि २०१२ला त्यानेही विजेतेपद आणलं.

कॉलेजचा कोच हा क्लब फुटबॉलच्या मॅनेजरसारखा नसतो, हे मला इथे येऊन कळलं. चांगला खेळाडू सापडला म्हणून तो दहा वर्षं ठेवता येत नाही. साधारण चार वर्षांत पोरगं पदवी घेऊन जातं. म्हणजे संघ सतत मोडायचा आणि सतत बांधायचा. त्यात पैसे मोजके. डिव्हिजन वनच्या पुरुष सॉकर संघाला अनेक वर्षं जास्तीत जास्त ९.९ स्कॉलरशिप देता यायच्या. दहासुद्धा नाही, नऊ पूर्णांक नऊ! संघात पंचवीसेक पोरं. मग कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला नुसताच शब्द. कोचचं निम्मं काम हे वाटप करण्याचं, आणि ज्याला कमी मिळालं त्याच्या आईवडिलांशी बोलण्याचं.

हे सगळं मी ज्याला फोनवर सांगत होते, तो माझा दादा. माझी रात्र साडेनऊची, त्याची सकाळ सातची, नुकताच मैदानावरून परतलेला. आम्ही कोल्हापूरचे. पेठेत तालमीची टीम असते आणि शाहू स्टेडियमवर मॅच असली की संध्याकाळी दुसरं काही ठरवायचं नसतं, अशा गावचे. दादा खेळायचा. आता एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शारीरिक शिक्षण शिकवतो आणि फुटबॉलचा संघ तयार करतो. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास, तितके पैसे. मैदानावरचे सकाळचे दोन तास त्या ‘तासां’मध्ये धरत नाहीत. दरवर्षी नवी ऑर्डर, दरवर्षी उन्हाळ्यात खंड. अशी अकरा वर्षं झाली. कायम जागेसाठी एका ठिकाणी मुलाखतीला गेला, तर समोरच्यांनी त्याची फाइल चाळली आणि ही वर्षं अनुभवात धरता येणार नाहीत म्हणून सांगितलं.

म्हणून मला येगलींचं अप्रूप वाटलं होतं. बघ दादा, या माणसाचीही दहा वर्षं धरली नाहीत. तरी तो थांबला. आणि बघ पुढे काय झालं.

दादाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “त्याचा पगार चालू होता न्हवं?”

चालू होता. ते युनिव्हर्सिटीत शिकवत होते. सॉकरला दर्जा नव्हता. पण महिन्याच्या शेवटी घरात पैसे येत होते. मी दहा वर्षांच्या चिकाटीची गोष्ट सांगत होते, आणि दादाने एका वाक्यात त्या चिकाटीखालची जमीन दाखवली. मोबाइलवर आपण रोज अशा गोष्टी वाचतो. अमुक इतकी वर्षं वाट पाहिली, हार मानली नाही, आणि मग जग जिंकलं. त्या वर्षांत वाणसामान कुठून येत होतं, हे त्यात नसतं. येगलींचं मोठेपण याने तसूभरही कमी होत नाही. पगार असलेले कितीतरी जण पगारावर समाधान मानून क्लब सोडून देतात. त्यांनी दिला नाही. पण वाट बघायला जिद्द जशी लागते, तसा कुणीतरी भरलेला डबाही लागतो. तो नसताना जो टिकतो, त्याला ‘येगलींसारखा धीर धर’ म्हणणं मला आता जमणार नाही.

मला जमतं ते तक्ते करणं. दादाकडे डायऱ्या आहेत, दर वर्षाची एक. मॅच कुणाशी, कुठे, कोण खेळलं, कुणाचा गुडघा गेला, कुणी बुटांसाठी पैसे घेतले. त्याने पानांचे फोटो पाठवायला सुरुवात केली आहे आणि मी रोज रात्री थोडं थोडं शीटमध्ये भरते. आतापर्यंत चार वर्षं झाली. त्यातली तीन पोरं पोलीस भरतीत लागली, एक स्वतः शाळेत कोच आहे. हेही एका रकान्यात लिहिलंय. पुढच्या मुलाखतीत हा कागद कुणी बघेल, याची खात्री नाही. जूनमध्ये दादाला नवी ऑर्डर मिळेल, याचीही नाही. वहिनी म्हणते, मिळाली तरी यंदा नको घेऊस. तो अजून काही बोललेला नाही.

परवा मी विचारलं, नुसत्या जिंकलेल्या मॅचेस घेऊ का? फाइल चांगली दिसेल.

“हरलेल्या पण लिही,” म्हणाला. “त्या पण मीच घेऊन गेलो होतो पोरांना.”